रडणाऱ्यांचाही नाताळ

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी सण करायचा नाही, ही आपल्याकडची रीत अनेक मराठी ख्रिस्ती घरांतही पाळली जाते. दारावर चांदणी लागत नाही, करंज्या-चकल्यांचा घाट घातला जात नाही. आई गेली त्या वर्षी आमच्याकडेही तसंच ठरलं. पण रीत हे निमित्त होतं. खरं म्हणजे मी देवावर रुसलो होतो. आईसाठी मंडळीने केलेल्या एवढ्या प्रार्थनांचं काय झालं, हा प्रश्न आत ठसठसत होता आणि अशा मनाने आनंदाची गीतं म्हणणं मला ढोंग वाटत होतं.

त्या आगमनकाळात मत्तयाचं शुभवर्तमान पुन्हा वाचायला घेतलं. त्याची सुरुवात वंशावळीने होते. एरवी आपण ती ओलांडून थेट तारा आणि मागी लोकांकडे जातो. त्या वर्षी मात्र नावांपाशी थांबलो. तामार, दोनदा विधवा झालेली, सासऱ्याने वाऱ्यावर सोडलेली. राहाब, यरीहोतली वेश्या. रूथ, परमुलखातली विधवा. चौथीचं तर नावही नाही, ती नुसती उरीयाची बायको. तिच्या नवऱ्याला दावीद राजाने लढाईत मुद्दाम मरायला पाठवलं होतं. येशूच्या घराण्याची ओळख करून देताना मत्तयाने यातलं काहीच झाकलेलं नाही. पुढच्याच अध्यायात हेरोद बेथलेहेमातली लहान मुलं मारतो आणि लेकरांसाठी आकांत करणारी, सांत्वन नाकारणारी राहेल येते. जन्माच्या गोष्टीत मत्तयाने तिचं रडणं तसंच ठेवलं आहे. तिला कोणी गप्प बसवत नाही.

हे वाचून माझी एक मोठी चुकीची समजूत गळून पडली. दुःख दाराबाहेर ठेवून मगच नाताळात पाऊल टाकायचं, असं मी धरून चाललो होतो. पण ख्रिस्त जन्माला आला तो अशाच रडत्या, विस्कटलेल्या घरांच्या मुलखात. मग माझ्या घरात यायला तो कशाला बिचकेल?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मंडळीतल्या एक काकू फराळाचा डबा घेऊन आल्या. स्वतः विधवा, गुडघे दुखतात, तरी जिना चढून आल्या. डबा उघडून म्हणाल्या, "तुझ्या आईची करंजी तुपात कधी फुटली नाही रे. माझी बघ, निम्मं सारण कढईत." आम्ही हसलो आणि हसता हसता दोघंही रडलो. आई गेल्यापासून मी कोणासमोर रडलो नव्हतो. काकूंनी उपदेश केला नाही. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशी मी उपासनेला गेलो, आणि गीतं म्हणताना आवाज फुटला तरी त्याची लाज वाटली नाही.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला त्यानंतर अधिक समजलं. दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही मनाला शांती मिळायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली, ख्रिस्ती धर्म हाती आला होता पण ख्रिस्त भेटायचा होता, असं त्यांनीच नंतर सांगितलं आहे. श्रद्धेने बरं होणं हे एका रात्रीचं काम नव्हे, हे इतक्या मोठ्या बाईने मोकळेपणाने सांगावं, याचा मला फार आधार वाटतो. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्या छत्राखाली घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन अशा शेकडो जणींचं घर झालं. गेलेली माणसं रमाबाईंना परत मिळाली नाहीत. पण ज्या भुकेने त्यांचं घर रिकामं केलं होतं, तीच भूक त्यांना दुसऱ्याच्या लेकीच्या डोळ्यांत ओळखता आली.

श्रद्धेने बरं होणं म्हणजे प्रार्थना करतो म्हणून औषध सोडायचं, असं मात्र कोणी समजू नये. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उभं केलं ते याच श्रद्धेतून, आणि तिथे प्रार्थनेसोबत शस्त्रक्रियाही होत. मन आजारी असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हा अविश्वास नव्हे.

आईची उणीव आजही आहे आणि ती राहणार. पण त्या उणिवेसकट मी पूर्ण आहे, कारण माझं रडणं ऐकून मागे न फिरणारा देव मला नाताळाने दिला. काकूंनी जे माझ्यासाठी केलं, ते करायची पाळी आता माझी आहे. उपासनेला शेवटच्या बाकावर एकटं बसलेलं कोणी तुम्हालाही दिसेल. शुभेच्छा देऊन पुढे जाऊ नका. त्यांच्याजवळ बसा आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन चौकशी करा.