तांबडी पट्टी

आमच्या वाड्यावरच्या सांस्कृतिक मंडळाचं एक छोटंसं संकेतस्थळ आहे. त्याचा कारभार माझ्याकडे आला तो एका प्रश्नाने. "गो बाय, तू ऑफिसात कॉम्प्युटरवरच असतेस न्हय?" सरकारी कार्यालयात कॉम्प्युटरवर असणं म्हणजे आवक-जावक नोंदवणं आणि टिपणं टंकणं, हे मंडळाच्या अध्यक्षांना कोण समजावणार? बी. ए. मराठी झालेल्या कारकून बाईला संकेतस्थळ चालवता येतं असा समज त्यांनी करून घेतला आणि मीही तो मोडला नाही. भाच्याला विचारत विचारत शिकले.

तर या संकेतस्थळाच्या माजघरात, म्हणजे वाचकांना दिसत नाही अशा भागात, एक डॅशबोर्ड आहे. कोणी किती वेळा आलं, काय वाचलं, हे सगळं तिथे दिसतं. पण उघडल्याबरोबर डोळ्यांत भरते ती एक आडवी पट्टी. आम्ही क्लाऊडवर भाड्याने घेतलेली जागा २० जीबी. त्यातली किती भरली ते ही पट्टी दाखवते. जांभळा भाग चित्रफितींचा, निळा छायाचित्रांचा, हिरवा ध्वनिफितींचा, आणि शेवटी एक करडा तुकडा, 'इतर' नावाचा. ('इतर' हा आम्हा कारकुनांचा लाडका शब्द. ज्याचं काय करावं ते कळत नाही ते सगळं 'इतर'मध्ये. मंडळाच्या जुन्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या स्कॅन करून ठेवल्यात, त्यासुद्धा तिथेच पडल्या आहेत.) जागा नव्वद टक्क्यांच्या वर भरली की आख्खी पट्टी तांबडी होते आणि तिच्या शेजारी एक बटण उगवतं, 'जागा वाढवा'.

२०२३ च्या चवथीला ती तांबडी झाली. ९४ टक्के. घुमट आरत्यांच्या चित्रफिती चढवायच्या होत्या, पोरं मागे लागली होती, आणि खजिनदार जागेसाठी आणखी पैसे देणार नाहीत हे न विचारताच माहीत होतं. डॅशबोर्डनेच वाट दाखवली. 'मोठ्या फायली आधी' असं एक कळ दाबून यादी लागते. दाबली. सर्वांत वर पाच जीबीची एक चित्रफीत. नाव म्हणजे नुसते आकडे. शेजारी ओळख पटावी म्हणून जे इवलंसं चित्र असतं ते पूर्ण काळं. कोणाचा तरी फोन खिशात चालू राहिला असेल असं वाटलं. काढून टाकली. पट्टी ६९ टक्क्यांवर आली, हिरवीगार झाली, आणि मला कपाट आवरल्यावर वाटतं तसं बरं वाटलं.

ती चित्रफीत मीच काढलेली होती. २०१६ च्या पौषातली, मांडावरच्या धालोची. एका बल्बच्या उजेडात बायकांच्या दोन ओळी समोरासमोर, आणि गाणं सुरू करून देणारी आमची थोरली काकी. चाळीस मिनिटं. सुरुवातीला बल्ब लागायचा होता म्हणून पहिलं चित्र काळं. काकी २०१९ मध्ये गेली. ज्या फोनवर काढली तो फोन एक्सचेंजमध्ये देऊन नवा घेतला, कारण 'क्लाऊडवर आहे ना' म्हणजे आहेच. पुढच्या पौषात वाड्यावरच्या दोन मुली काकीची गाणी मागायला आल्या तेव्हा मी शोधायला बसले. काढून टाकलेल्या वस्तू आमच्या इथे तीस दिवस केरात राहतात, मग जातात. चार महिने होऊन गेले होते.

चूक माझी. उघडून बघायला हवं होतं. पण गेली दोन वर्षं ही पट्टी माझ्या डोक्यातून गेलेली नाही आणि तिच्याबद्दल माझं एक मत झालं आहे. ही पट्टी माल विकणाऱ्याने स्वतःच्या सोयीने काढलेलं चित्र आहे. त्याला विकायची आहे जागा, म्हणून तो मोजतो जागा. पिंपात तांदूळ कुठवर आलेत ते तो काठी घालून सांगतो. त्यात उकडे किती नि सुरय किती, बियाण्याचे म्हणून आईने वेगळे बांधून ठेवलेले कुठले, हे त्याच्या काठीला कळत नाही. आणि आपण त्या काठीकडे बघून पिंप रिकामं करायला बसतो.

थोडा हिशोब मांडते. पडद्यावर ही पट्टी साधारण चारशे ठिपके लांब धरा. २० जीबी म्हणजे ढोबळमानाने २०,००० एमबी, म्हणजे एक ठिपका ५० एमबीचा. आता कॉम्प्युटरवर मराठी मजकूर साठवतात तेव्हा युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-वेलांटी धरून, तीन बाइट घेतं. रोमी अक्षर एकच. (लिपीच्या वादात यावरून कोणी मुद्दा काढू नये ही विनंती. आम्ही तिप्पट भाडं भरून राहू.) एवढं महाग असूनही वीस हजार शब्दांचं एक अख्खं नाटक टंकलं तर ते एमबीच्या तिसऱ्या हिश्श्यात मावतं. दीडशे नाटकं टंकावीत तेव्हा कुठे पट्टीवरचा एक ठिपका रंगेल. जत्रेतल्या रंगमंचावर आमच्या मंडळाने आजवर उभी केलेली सगळी मराठी नाटकं त्या पट्टीवर दिसणारच नाहीत. आणि कोणाच्या तरी बारशाला काढलेली, चुकून चढवलेली वीस मिनिटांची चित्रफीत पन्नास ठिपके अडवून बसेल.

ध्वनिफितीचंही तसंच. १२८ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला साधारण एक एमबी खाते. काकीची चाळीस मिनिटं नुसत्या आवाजाची ठेवली असती तर एक ठिपकाही पुरता भरला नसता. अंधारात दिसत तरी काय होतं? ऐकायचंच तर होतं. आणि चित्रफीतसुद्धा थोड्या कमी दर्जाची करून घेतली असती तर चौथ्या हिश्श्यात बसली असती, असं भाच्याने नंतर सांगितलं. डॅशबोर्डने यातलं काही सुचवलं नाही. त्याच्याकडे दोनच उपाय, काढून टाका नाहीतर पैसे भरा.

बरं, हे मोजमापही सरळ नसतं. वर्डप्रेसचं उदाहरण घ्या, कोणालाही तपासता येईल. एक छायाचित्र चढवलं की ते त्याच्या लहानमोठ्या प्रती आपणहून करून ठेवतं, आणि २०१९ मधल्या ५.३ आवृत्तीपासून त्यांत आणखी मोठ्या आकारांची भर पडली आहे. आपण एक फोटो दिला, जागा गेली सहा-सात फायलींची. मूळ कुठलं आणि यंत्राने स्वतःच्या सोयीसाठी केलेली प्रत कुठली, हा भेद पट्टीच्या रंगात नसतो. कारकुनाच्या भाषेत सांगायचं तर मूळ दस्तऐवज आणि झेरॉक्स एकाच गठ्ठ्यात बांधून वर पानांची संख्या लिहिली.

पूर्वी हाच आकडा किती गोड वाटायचा! २००४ च्या १ एप्रिलला जीमेल निघालं तेव्हा १ जीबी जागा फुकट ही लोकांना थाप वाटली होती. पुढच्या वर्षी त्यांनी मुखपृष्ठावर जागेचा आकडा चढता दाखवायला सुरुवात केली. सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे मोजून आम्ही त्यातली दोन मिनिटं नुसता तो आकडा वाढताना बघण्यात घालवली आहेत. काही पुसायची गरज उरली नाही, असं त्या आकड्याने आमच्या पिढीला शिकवलं. मग मे २०१३ मध्ये पत्रं, फायली आणि फोटो मिळून १५ जीबी असा एकत्र हिशोब झाला. २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं, त्यात ठरावीक दर्जाच्या छायाचित्रांना मर्यादाच नव्हती. १ जून २०२१ पासून तीही सोय गेली आणि नवे फोटो त्या १५ जीबीत मोजले जाऊ लागले. अमर्याद म्हणून सवय लावली आणि मग पट्टी दाखवली. यात कायद्याने काही चुकीचं नाही. पण वीस वर्षं न आवरता साठवणाऱ्या माणसाला एके दिवशी तांबडी पट्टी दाखवली की तो आवरत नाही, उपसतो.

आमच्या कार्यालयात, ज्याला लोक लाल फितीचं म्हणून हसतात तिथे, एकही फाईल तिच्या जाडीवरून नष्ट करत नाहीत. केंद्र सरकारच्या कार्यालय-पद्धतीत अभिलेखांचे वर्ग आहेत. 'अ' म्हणजे कायम ठेवायचं आणि शिवाय मायक्रोफिल्मही करायची, 'ब' म्हणजे कायम ठेवायचं पण मायक्रोफिल्म नको, 'क' म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं. बघा, पहिल्याच वर्गात 'दुसरी प्रत' आलेली आहे. वीडिंग करताना आम्ही आधी यादी करतो, यादीवर साहेबांची सही घेतो, मगच कागद जातो. आणि ती यादी मागे राहते. काय गेलं ते तरी कळतं. संकेतस्थळावर मी पाच जीबी पुसले त्याचा मागमूस डॅशबोर्डवर एकाच ठिकाणी होता. पट्टी आखूड झाली होती.

पणजीचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं. दियोगु दु कोतु हा त्याचा पहिला रखवालदार. चार शतकांचे कागद. १९३१ पासून पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते सांभाळलं आणि १९५५ मध्ये त्या दप्तराची वाट दाखवणारा 'रोतेइरु' छापला. कपाटं किती भरली हे सांगायला कोणी असा ग्रंथ लिहीत नाही. कुठल्या मालिकेत काय आहे, ते कशाबद्दल आहे, शोधणाऱ्याने कुठे हात घालावा, हे त्यात असतं. सत्तरीतल्या पिसुर्ल्याच्या या माणसाला डॅशबोर्ड करायला दिला असता तर त्याने पट्टी नक्कीच काढली नसती.

मग काय काढावं? भाचा म्हणतो, तक्रार सोपी असते, चित्र काढून दे. दिलं मी, वहीच्या पानावर. एक, रंग प्रकाराप्रमाणे न देता वर्षाप्रमाणे द्यावेत. आमच्या मंडळाच्या जागेत २०२० नंतरचं खूप आहे आणि २०१० च्या आधीचं एका नखाएवढं, हे एका नजरेत दिसलं असतं तर त्या नखाला मी जपलं असतं. दोन, ज्याची प्रत दुसरीकडे कुठेच नाही त्या वस्तूभोवती जाड काळी चौकट. माझ्या मते हे एकच केलं तरी पुष्कळ. तिसरं भाच्याने सुचवलं, 'दोन वर्षांत कोणी न उघडलेलं' वेगळ्या रंगात, म्हणजे पुसायला सोपं. त्यावर आमचं भांडण झालं. न उघडलेलं म्हणजे नको असलेलं, हे कोणी ठरवलं? काकीची चित्रफीत सात वर्षांत दोनदाच उघडली गेली असेल. गूगलनेही २०२३ मध्ये दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करण्याचं धोरण जाहीर केलं आणि त्याच डिसेंबरपासून अंमल सुरू झाला. गेलेल्या माणसाचं खातं न वापरलेलंच असणार. घरोघरी हे एकदा बघून घ्या.

एवढ्या जागेसाठी एवढं लिहायचं का, महिन्याला थोडे पैसे टाकले की संपलं, असं म्हणणारे भेटतील. मंडळाच्या पावत्यांवर जमणारा पैसा मला माहीत आहे. तो आधी पडद्याला आणि माईकवाल्याला जातो. आणि पैसे भरून पट्टी फक्त लांब होते, काळं चित्र काळंच राहतं.

काकीच्या गाण्यातली अडीच मिनिटं सापडली. पुतणीने तेव्हा तुकडा कापून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, त्या वेळच्या सोळा एमबीच्या मर्यादेत बसवून. म्हापशाच्या एका नातेवाइकाच्या जुन्या फोनमध्ये तो होता. त्यात गाण्याचं पहिलं कडवं पूर्ण आहे, दुसऱ्याच्या मध्यावर तुटतं.

आता मी एक वही घातली आहे, साधी, रेघांची. फायलीचं नाव, कोणाचा आवाज, कोणत्या वर्षीचा, दुसरी प्रत कोणाकडे. चौथा रकाना बराच रिकामा आहे. वाचकांपैकी कोणाकडे आपापल्या गावच्या धालोचं, फुगडीचं जुनं ध्वनिमुद्रण असेल तर आज रात्री एकदा उघडून बघा आणि नाव देऊन ठेवा, नुसते आकडे नकोत.

काकीची धाकटी बहीण पलीकडच्या गावात आहे, वय ऐंशीच्या पुढे. तिला ती गाणी येतात असं कळलं. येत्या रविवारी जाणार आहे. निघण्याआधी फोनमध्ये किती जागा उरली आहे ते बघितलं. आता नुसता आवाजच घ्यायचा आहे, पुरेल.