बांध सर्वांचा, जबाबदारी कोणाची?

पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवसांत खाजन शेतीचा बांध फुटल्याची बातमी गोव्यात आता नवी राहिलेली नाही. खारे पाणी शेतात शिरते, पंचनामा होतो, नुकसानभरपाईची मागणी पुढे येते. मात्र बांध का फुटला, याचे उत्तर केवळ मातीत आणि भरतीत शोधून भागणार नाही.

राज्यातील सुमारे 18 हजार हेक्टर खाजन जमीन खाड्यांलगत, बहुतांशी भरतीच्या पातळीखाली आहे. तिला तारतात ते मातीचे बांध आणि पाण्याची ये-जा आवरणाऱ्या मानशी. एका ठिकाणी भगदाड पडले तरी सगळ्यांचेच भात बुडते. त्यामुळे आपल्यापुरता बांध राखणे येथे निरर्थक ठरते.

तरीही हित समान असले म्हणजे माणसे आपोआप एकत्र येतात, असे नाही. श्रम न करताही लाभ मिळणार असेल, तर प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो, असे प्रतिपादन अमेरिकी अर्थतज्ज्ञ मँकर ऑल्सन यांनी 1965 मध्ये केले होते. गावकारीने ही अडचण आपल्या परीने सोडवली होती. पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीपासूनच्या या व्यवस्थेचे रीतिरिवाज 1526 च्या सनदेत नोंदले गेले. गावाची सामायिक जमीन लिलावाने कसायला दिली जाई. उत्पन्नातून आधी बांधासारखा सामायिक खर्च भागे आणि उरलेल्यातून गावकारांना वाटा मिळे. बांध टिकला तरच वाटा, हे गणित स्पष्ट होते. ज्यांचे हित त्यांचेच नियम, त्यांचीच देखरेख आणि चुकणाऱ्यास दंड असेल, तर सामायिक संपत्ती टिकते, हे 2009 च्या नोबेल मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेन, फिलिपिन्स आदी देशांतील उदाहरणांवरून दाखवून दिले. गावकारीचा अनुभव त्याहून वेगळा नाही.

अर्थात, ही व्यवस्था समतेची नव्हती. वाट्याचा हक्क मूळ गावकार घराण्यांतील पुरुषांचा होता. राबणाऱ्या अनेकांना निर्णयात स्थान नव्हते. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला न्याय दिला, हे नाकारता येणार नाही. बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. पण भातशेती परवडेनाशी झाली, नवी पिढी नोकरीकडे वळली आणि संघटनेचे हित शेतापेक्षा मानशीच्या लिलावात गुंतू लागले. मासळीसाठी मानस घेणाऱ्याला खारे पाणी आत हवे असते, शेतकऱ्याला ते बाहेर. पडीक खाजनात खारफुटी वाढली की कायद्याच्या संरक्षणामुळे ती तोडताही येत नाही. परतीची वाट अशी बंद होत जाते.

सरकारी खर्चाने बांध पुन्हा उभा राहील. त्यावर रोज नजर ठेवणारे गावातलेच हवेत. त्यासाठी मानशीच्या लिलावाचा हिशेब जाहीर व्हावा, त्यातील निश्चित हिस्सा बांधासाठी राखला जावा आणि मानस चालवण्याच्या वेळा शेतकऱ्यांनी ठरवाव्यात. माणसे उपदेशाने एकत्र येत नाहीत. आपल्या श्रमाचे फळ आपल्याला मिळेल आणि शेजारीही आपला वाटा उचलेल, या विश्वासाने येतात. फुटलेल्या बांधाआधी हा विश्वास सांधावा लागेल.