छायाचित्रातल्या बाईचं नाव काय?

वर्षभर एकच गोष्ट खटकत राहिली. सेंद्रिय, नैसर्गिक, शाश्वत शेतीवर आमच्या अंकासाठी जे लेख येतात, त्यांच्यासोबत बहुतेक वेळा एक छायाचित्र असतं. नाचणीची कणसं हातात धरलेली बाई, मागे कुडाची भिंत. खाली ओळ : 'आदिवासी महिला, शहापूर तालुका'. लेखात संशोधकाचं नाव पदवीसह असतं, संस्थेचं असतं, अनुदान देणाऱ्याचं असतं, वाणाचा क्रमांकही असतो. जिनं ते बी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, तिचं नसतं. फोन करून विचारलं तर उत्तर येतं, 'अहो, ते विचारायचं राहून गेलं.' दर वेळी राहून जातं, याचा अर्थ ते विचारावं असं कुणाला वाटलेलंच नसतं.

वाचकहो, 2025 हे वर्ष तसं घडामोडींचं होतं. पाऊस 26 मेलाच मुंबईत दाखल झाला आणि आपल्याकडच्या अनेकांचं पेरणीचं गणित चुकलं. सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला. 5 जूनला समृद्धी महामार्गाचा शहापुरातून जाणारा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरूनच या अंकाचा विषय 'प्रवास' ठरला. पुढच्या पानांत प्रवासाचं खूप काही आहे. मला इथं बोलायचंय ते बियाण्याच्या आणि शेतीतल्या शहाणपणाच्या प्रवासाबद्दल. पाड्यावरून ते प्रयोगशाळेत पोचतं, आणि वाटेत माणसं गळून पडतात.

दूर देशातल्या अशा माणसांसाठी आपलं मन चटकन हलतं. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' हे चरित्र 1981 साली आलं. अमेरिकेत गुलामीत जन्मलेला, वर्णामुळे शाळेची दारं बंद झालेला मुलगा कृषिशास्त्रज्ञ होतो, 1896 मध्ये टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला जातो, कापसानं कस गेलेल्या जमिनीत भुईमूग आणि चवळी घ्यायला शिकवतो, 1906 पासून खेचराच्या गाडीतून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या दारात प्रात्यक्षिकं नेतो. ते वाचून आपले डोळे भरून आले. त्याच अमेरिकेत 1920 साली कृष्णवर्णीय शेतकरी सव्वानऊ लाखांच्या घरात होते, त्यातले बहुतेक पुढे शेतीतून उखडले गेले. सरकारी कृषी खात्यानं कर्ज देताना वर्ण पाहिला, हा त्यांचा दावा 1999 मध्ये भरपाईच्या तडजोडीपर्यंत गेला. हे वाचूनही आपल्याला राग येतो. मग शहापुरातल्या डोळखांबच्या किंवा मुरबाडातल्या टोकावड्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या ठाकूर, महादेव कोळी, कातकरी शेतकऱ्याकडे पाहताना तो कार्व्हर का आठवत नाही? तिथं वर्ण होता, इथं जात आणि जमात आहे.

या शेतकऱ्याचं शास्त्र बघायचं तर आपल्याकडच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतला पिकांचा क्रम पाहा. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरई, मग खुरासणी, आणि त्यानंतर जमीन पडीक टाकायची. भाताचं बी निवडतानाही हेच तारतम्य. उतारावरच्या खाचरात पाणी लवकर आटतं म्हणून तिथं लवकर येणारं हळवं, मधल्यात निमगरवं, खालच्या खोलगट खाचरात उशिरा येणारं गरवं. पीकपालट आणि जमिनीच्या उतारानुसार वाण हे कृषी महाविद्यालयात शिकवलं की शास्त्र ठरतं. पाड्यावर तेच केलं की त्याला 'पारंपरिक पद्धत' म्हणायचं आणि 'सुधारणा' सुचवायची.

राबाची कथा तर ठाणे जिल्ह्याच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. राब म्हणजे रोपासाठी जमीन भाजायची म्हणून पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून पेटवणं, ही इथल्या भातशेतीची जुनी रीत. एकोणिसाव्या शतकात वनखात्याला ती जंगलाची नासाडी वाटली. ठाणे आणि कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला 1885 ते 1887 या काळात वन आयोग नेमून गाऱ्हाणी ऐकावी लागली. शेतकरी सांगत होता की राबाशिवाय रोप नीट येत नाही. सरकारी शेतीतज्ज्ञांनी प्रयोग केले, राबाचा फायदा दिसला. पुढे 1912 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी राबावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला आणि राखेखेरीज जमीन तापण्याचा परिणामही तपासला. निबंधाला तीन नावं आहेत. प्रश्न ज्यांनी लावून धरला, जंगलाच्या नियमांचा जाच ज्यांनी सोसला, त्यांतलं एकही नाव त्यावर नाही. राबामुळे झाडं छाटली जातात हे खरं आहे, त्याला पर्याय शोधायलाच हवेत. पण शेतकऱ्याचं म्हणणं खरं मानायला सरकारी प्रयोग आणि तो निबंध यावे लागले, ही गोष्ट विसरता येत नाही.

मी संशोधन केंद्रांच्या विरोधात नाही. मुरबाडला लागून असलेल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रानं 1919 पासून काम केलंय, त्याच्या वाणांनी आपल्या कणग्या भरल्यात. 2025 च्या मे महिन्यात देशात जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले, त्यातला 'कमला' सांबा मसुरी या वाणावरून केलेला. जूनमध्ये राज्यानं शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपये. हे सगळं व्हावं. पण या कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवायला जी माहिती लागणार, ती कुणाच्या शेतातली? 15 एप्रिलपासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो जमिनीच्या नोंदीला बांधलेला आहे. ज्या कातकऱ्याच्या नावावर गुंठाही नाही, तो परसात वाल लावतो, रानातला कंद आणि रानभाजी ओळखतो, पण कागदावर शेतकरी नाही. दिवाळी झाली की तो बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो. जानेवारीत येणाऱ्या सर्वेक्षकाला तो पाड्यावर भेटत नाही, म्हणून अहवालातही भेटत नाही.

यावर देशी बियाणी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांचं नाव लगेच पुढे केलं जाईल. घाटावर, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या महादेव कोळी बाईंना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, त्याचा आनंद आपल्या सगळ्यांना आहे. पण एका राहीबाईंना व्यासपीठावर बसवलं म्हणजे बाकीच्यांची नावं विचारायची जबाबदारी संपली, असा सोयीचा समज पसरतोय. त्या शाळेत गेल्या नाहीत, याचं कौतुक तर मला फार बोचतं. त्यांना शाळा मिळाली नाही, यात कौतुक कसलं?

नोंद आणि हक्क यांसाठी कायदे आहेत. 2001 च्या पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आणि समूहाला आपला वाण नोंदवता येतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य आहे. मग शहापुरात बी गोळा करायला येणाऱ्यानं ग्रामसभेपुढे आधी यावं, काय नेतोय ते मराठीत लिहून द्यावं, माहिती सांगणाऱ्या म्हातारीला दिवसाची मजुरी द्यावी. प्रात्यक्षिकाचे प्लॉट रस्त्याकडेच्या बागायतदाराकडे होतात, ते वनपट्ट्याच्या वरकसावर व्हावेत. आश्रमशाळेतली मुलगी दापोलीच्या कृषी विद्यापीठात राखीव जागेवर जाते, तेव्हा तिच्या आजीचं ज्ञान तिला तिथं विषय म्हणून भेटावं, आणि संशोधनाचा पहिला प्रश्न तिला विचारता यावा.

आमच्यापुरतं आम्ही ठरवलंय. या अंकापासून नावाशिवाय माणसाचं छायाचित्र छापणार नाही. कुणी नाव नको म्हटलं तर तसं लिहू. ज्यांच्या माहितीवर लेख उभा आहे, त्यांना लेखकाइतकंच मानधन देऊ. या अटीपायी काही लेख परत गेले, त्यातला एक फार चांगला होता. तो लेखक नाराज आहे. नावं घेऊन आला तर पुढच्या अंकात त्याला पहिलं पान देऊ.