खोलीगणिक नाताळचं झाड: धंदा करा, पण माल भरून ठेवू नका



बुटीबोरीच्या एका ताईंनी विचारलं, "सर, दिवाणखान्यात एक, स्वयंपाकघरात एक, मुलांच्या खोलीत एक, अशी वेगवेगळ्या थीमची नाताळची झाडं विकायची आहेत. इतवारीतून पन्नास झाडं एकदम उचलू का?"

माझं उत्तर सरळ आहे. धंदा करा, पन्नास उचलू नका.

तयार हिरवं प्लास्टिकचं झाड इतवारीतही आहे आणि मोबाईलवरही आहे. गिऱ्हाइकाला त्याचा भाव तुमच्याआधी माहीत असतो. तिथे तुम्ही जिंकणार नाही. आणि 26 डिसेंबरला उरलेली तीस झाडं तुमच्याच पलंगाखाली जाणार, भांडवलासकट. राखीच्या धंद्यात ज्यांनी हात पोळलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग विकायचं काय? त्या खोलीला शोभेल असं छोटं, दीड-दोन फुटी, टेबलावर राहणारं झाड. बुटीबोरीच्या दोन-तीन खोल्यांच्या घरात सहा फुटी झाड ठेवलं तर माणसांनी बसायचं कुठे?

सामान आपल्याच भागात पडलेलं आहे. दिवाणखान्यासाठी पऱ्हाटी घ्या. वाळलेल्या फांद्या खाली लांब, वर आखूड अशा बांधल्या की झाडाचा आकार येतो, आणि त्यावर उमललेली कापसाची बोंडं लावली की बर्फ वेगळा विकत आणावा लागत नाही. एक सांगतो, बोंडं आधी कडक उन्हात वाळवा, झटका, एकेक तपासा. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बोंडअळी फिरली तर पुढच्या वर्षी फोन येणार नाही.

स्वयंपाकघरासाठी संत्रा. युरोपात वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या झाडाला लावायची जुनी रीत आहे, आणि आपला आंबिया बहार नेमका याच दिवसांत कळमन्यात येतो. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय मिळाला, तेही सांगा, गिऱ्हाइकाला आवडतं. अडचण अशी की आपल्या संत्र्याचं साल सैल, त्यामुळे चकती कापताना फोडी सुटतात. म्हणून जरा कडक फळ निवडा, सालासकट कापा, जाळीखाली उन्हात रोज उलटत वाळवा. बोटाला चिकट लागते तोवर चकती तयार नाही. तशीच टांगली तर बुरशी आणि मुंग्या ठरलेल्या. तुटलेल्या फळांची सालं फेकू नका, बिस्किटाच्या साच्याने चांदण्या कापा. दालचिनी, लाकडी चमचे जोडीला. हे झाड गॅसपासून लांबच ठेवायला सांगा, आणि कापसाच्या झाडाजवळ मेणबत्ती नको म्हणजे नको.

मुलांच्या खोलीत शिंप्याकडच्या चिंध्यांचे पक्षी, प्राणी चालतील. काच नको, बटण-सेलचे दिवे तर अजिबात नको. तो सेल पोराने गिळला तर जीवावर बेततं.

गिऱ्हाईक कोण? पहिलं अर्थातच ख्रिस्ती कुटुंब. एमआयडीसीमुळे बुटीबोरीत कुठकुठल्या राज्यांतली माणसं राहतात, आणि नागपुरात सदर, मोहननगर आहेच. त्यांच्या घरी गेल्यावर आधी विचारा, "गव्हाणी कुठे मांडणार?" येशूजन्माचा तो देखावा त्यांच्यासाठी मुख्य, झाड त्याच्या जोडीला. हे न विचारता थीम दाखवत सुटणारा मला धंदेवाला नाही, उपरा वाटतो. अनेक घरांत झाड 6 जानेवारीपर्यंत ठेवतात, तेव्हा सांगाडा परत घ्यायचा ठरला असेल तर 26 तारखेला दारात उभे राहू नका.

आता हिशोब. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा एका झाडाला सांगाडा 80 रुपये, सजावट 150, दिवे 120, ने-आण 50. झाले 400. तुमचे तीन तास, तासाला 80 धरले तर 240. एकूण 640. इथेच बहुतेक ताई चुकतात. "वेळ काय, घरचाच आहे" म्हणत 500 ला देऊन टाकतात. म्हणजे तुमच्या तासाला 33 रुपये पडले. तीन खोल्यांचा सेट 2,500 ला द्या, निम्मे पैसे आगाऊ घ्या. पाच सेट म्हणजे 15 झाडं, सामान 6,000 चं, आणि आगाऊ रक्कम येते 6,250. खिशातला रुपया न अडकवता माल उभा राहिला. लोक आगाऊ देत नाहीत अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. नमुना न दाखवता मागितले तर कोण देईल? नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत स्वतःच्याच घरात तीन झाडं मांडा, दिवसा उजेडात फोटो काढा, मग मागा.

पाचच सेट का? 15 झाडं म्हणजे 45 तास, तेही घर सांभाळून. यंदा एवढंच झेपेल.

आणि पऱ्हाटीचं आताच बघा. नोव्हेंबरात शेतातलं झाड उभं असतं, वेचणी चालू असते, ते कोणी उपटून देणार नाही. गेल्या हंगामाची पऱ्हाटी सरपण म्हणून रचून ठेवलेली असते, ती मागा. पुढच्या वर्षासाठी लागणारी फेब्रुवारीतच सांगून ठेवा, शेत मोकळं करताना काडी लावायच्या आधी.