प्रश्न लेखी, उत्तरही लेखी

गुलमंडीत चहा पिता पिता आपण सरकारला रोज शंभर सवाल करतो. उत्तर द्यायला कुणी बांधील नसतो. तोच सवाल खासदाराने लोकसभेत विचारला, तर मंत्र्यांना उत्तर द्यावेच लागते.

निदान पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतो. असे प्रश्न दिवसाला फक्त 20. अतारांकित 230, त्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. त्यांचा गाजावाजा होत नाही, पण कामाचा मजकूर बहुधा तिथेच सापडतो.

मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपचेच पाहा. 2009 मध्ये ती सुरू झाली; मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन आणि पारशी मुलामुलींना संशोधनासाठी ती मिळत होती. केरळचे तत्कालीन खासदार टी. एन. प्रतापन यांनी प्रश्न विचारला, आणि 8 डिसेंबर 2022 रोजी तत्कालीन अल्पसंख्याक मंत्री स्मृती इराणी यांच्या लेखी उत्तरातून कळले, की 2022-23 पासून फेलोशिप बंद! कारण काय, तर तिचा लाभ इतर योजनांतही मिळतो. मला हे कारण पटत नाही. पण ते कागदावर आले, म्हणून पुढचा सवाल करता येतो: ज्या मुस्लिम मुलीकडे ओबीसीचा दाखला नाही, तिने नेमक्या कोणत्या योजनेत अर्ज करायचा?

ही उत्तरे लोकसभेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. घरात कुणी पीएच.डी. करत असेल, तर हे उत्तर काढून घ्या. खासदारसाहेब मोहल्ल्यात आले, की हार-शाल नंतर. आधी ही प्रत आणि पुढचा प्रश्न लिहून त्यांच्या हातात द्या.