एका हंगामाच्या नकाशावर भागत नाही

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण. कारभार नगरपंचायतीचा, पण वस्ती संपली की लगेच धानाच्या बांध्या. अशा गावाचे उष्णतेच्या दृष्टीने वर्गीकरण इमारतींची ठेवण आणि झाडोरा पाहून करायचे, तर आज बहुतेकांच्या हाती असते ती इयान स्ट्युअर्ट आणि टिम ओक यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘लोकल क्लायमेट झोन’ पद्धत. तिच्यात बांधीव जागांचे दहा आणि भू-आच्छादनाचे सात असे १७ वर्ग आहेत. जमीन निवासी की वाणिज्य, हे ती विचारत नाही. घरे किती उंच, किती जमीन छपराखाली गेली, किती जमिनीत पाणी मुरते, रस्त्यावरून किती आकाश दिसते, हे ती विचारते. नागपूरसाठी या पद्धतीने केलेले, तिथल्याच व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतील संशोधकांचे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि विदर्भात काम करणाऱ्यांना तो जवळचा आधार आहे. मात्र महानगरातले नमुने उचलून पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या छोट्या गावाला एकाच उपग्रहचित्रावर लावले, तर निकाल फसवा येईल. इथे उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याअखेरचा असे दोन नकाशे केल्याशिवाय वर्ग ठरवू नये, असे आमचे मत आहे.

कारण सोपे आहे. या भागातली एखादी बांधी वर्षभर पाहा. जुलैत चिखलणी-रोवणी झाली की तिच्यात पाणी उभे असते आणि उपग्रहाला ती बोडीसारखीच, म्हणजे लहान तळ्यासारखीच दिसते. सप्टेंबरात धान दाटला की वनस्पती निर्देशांक इतका चढतो की नुसत्या आकड्यावरून बांधी आणि आमराई यांत फरक करणे कठीण होते. कापणीनंतर धसकटे उरतात, आणि उन्हाळी धानाला पाणी नसेल तर मेमध्ये तीच बांधी भेगाळलेली उघडी माती असते. एकच जागा वर्षभरात तीन वर्गांतून फिरते. झाडांचेही तसेच. पावसाळी चित्रात साग आणि आंबा सारखेच हिरवे. मेमध्ये मात्र साग उघडाबोडका असतो, तर आंबा, चिंच आणि कडुनिंबाखाली दाट सावली असते. उष्णतेच्या लाटेत उपयोगी पडते ती ही सावली, आणि नेमकी तीच सप्टेंबरच्या नकाशात वेगळी दिसत नाही. भोवती शेती आहे म्हणजे गाव थंडच, हा समजही तपासून घ्यावा. पावसाळ्यापूर्वी भारतातल्या अनेक शहरांभोवतीची कोरडी शेते दिवसा शहराहून जास्त तापतात, हे उपग्रहाच्या नोंदींतून दिसले आहे.

बांधकामाची अडचण वेगळी आहे. या पद्धतीनुसार दाट बैठ्या वस्तीत ४० ते ७० टक्के जमीन इमारतींखाली असते, मोकळ्या बैठ्या वस्तीत २० ते ४० टक्के आणि विरळ वस्तीत १० ते २० टक्के. उंची तिन्हींत ३ ते १० मीटर. झाडीपट्टीतल्या जुन्या आळीत मातीच्या जाड भिंतींवर कवेलू, शेजारी टिनाचे छप्पर आणि त्याला लागून नवा स्लॅब, असे एकाच ओळीत असू शकते. टिनामुळे संगणक ही ओळ हलक्या बांधकामाच्या वर्गात टाकू शकतो. प्रत्यक्षात मातीची भिंत दिवसाची उष्णता धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. परसातल्या झाडाखाली छप्पर झाकले गेले, तर दाट वस्ती कागदावर विरळ ठरते. पानगळीनंतरच्या चित्रात अशी बरीच छपरे उघडी पडतात. उन्हाळी नकाशाचा हाही फायदा.

यावर आक्षेप येतील. एका वर्गाला २०० ते ५०० मीटर त्रिज्येचा एकसारखा पट्टा लागतो. छोट्या गावात तो कुठून आणायचा? आक्षेप रास्त आहे. म्हणून वर्गाचा शिक्का मारण्याआधी छपराखालची जमीन, पाझरती जमीन आणि मेमधली सावली यांची मोजमापे प्रभागनिहाय नोंदवावीत. वर्ग पुढे बदलला तरी ती उपयोगी पडतात. दोन नकाशांमुळे इतर शहरांशी तुलना बिघडेल, ही भीती मात्र अनाठायी आहे. निष्पर्ण झाडे, कोरडी जमीन आणि ओली जमीन यांसाठी मूळ पद्धतीतच वर्गापुढे अक्षर जोडण्याची सोय आहे आणि मुख्य वर्ग तसाच राहतो. विकास आराखड्यात विद्यमान भू-वापराचा नकाशा असतोच, असेही कोणी म्हणेल. पण तो ‘निवासी’ एवढेच सांगतो. त्या निवासी पट्ट्यात सावली किती, हे सांगत नाही. खर्चाची सबबही टिकत नाही. सेंटिनेल-२ ची दहा मीटर तपशिलाची चित्रे विनामूल्य मिळतात, आणि पावसाळी ढग आडवे आले तर धान शेतात उभा असतानाचे ऑक्टोबरचे चित्र घेता येते. खरी मेहनत आहे ती गल्लोगल्ली फिरून छपरे आणि झाडे पडताळण्याची, आणि छोट्या गावात ती आवाक्यातली आहे.

एवढे केले तर नगरपंचायतीच्या हाती वापरता येईल असे उत्तर येते: दाट वस्तीचे पण मेमध्ये सावली नसलेले प्रभाग कोणते. वृक्षलागवडीचे खड्डे आधी तिथे खणावेत आणि त्यांत सागाऐवजी कडुनिंब, चिंच, आंबा लावावेत. हा निर्णय सप्टेंबरच्या हिरव्यागार नकाशावरून कधीच घेता आला नसता.