टक्कल पाण्यामुळे पडत नाही

टक्कल पडलेल्या माणसाचे डोके एकदा मागच्या बाजूने पाहावे. टाळू उघडी पडलेली असते, पण कानांच्या वरून मानेपर्यंत केसांची झालर चांगली दाट असते. बोअरचे पाणी, शाम्पू, तेल दोन्हीकडे सारखेच लागले. जागरणे आणि चिंताही एकाच डोक्यातल्या. तरी केस गेले ते फक्त पुढचे आणि टाळूवरचे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे गैरसमज गळून पडायला हवेत. प्रत्यक्षात पंचविशीतल्या मुलाचे कपाळ वाढू लागले की घरचे त्यालाच धारेवर धरतात: तेल लावत नाहीस, रात्री जागतोस, बाहेरचे खातोस. पुरुषांचे नेहमीचे टक्कल ही हयगयीची शिक्षा नव्हे, हे ठामपणे सांगण्याची गरज आहे.

पुरावा जुना आहे. वयात येण्यापूर्वीच ज्यांच्या शरीरात पुरुषी संप्रेरक बनणे थांबले होते, अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, हे अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 मध्ये दाखवले. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस विरळ होऊ लागले. म्हणजे संप्रेरक हवे आणि वारसाही हवा. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे डीएचटी टाळूवरच्या केसांच्या मुळांना हळूहळू आकसवते. जाड केसाच्या जागी दर खेपेला अधिक बारीक केस येतो आणि शेवटी उरते ती जावळासारखी लव. मागच्या केसांची मुळे मात्र डीएचटीला दाद देत नाहीत, म्हणूनच ते केस पुढे लावले तरी टिकतात. केशरोपणाचा सारा आधार हाच आहे. टक्कल आजोळकडून येते, हा समज अर्धा खरा. एक महत्त्वाचे जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे, पण ब्रिटनमधील सुमारे 52 हजार पुरुषांच्या 2017 मधील अभ्यासात टकलाशी जोडलेल्या अडीचशेहून अधिक जागा जनुकसंचात सापडल्या. वडिलांकडचा वाटाही त्यात आलाच. युरोपीय वंशाच्या पुरुषांत पन्नाशीपर्यंत साधारण निम्म्यांचे केस असे विरळ होतात. पूर्व आशियात हे प्रमाण कमी आहे. इतक्या जणांच्या बाबतीत घडते त्याला दोष कसे म्हणायचे?

यावर कोणी म्हणेल, टायफॉइड, डेंगी किंवा मोठ्या मानसिक धक्क्यानंतर केस गळतातच ना? गळतात, पण ती गळती निराळी. ती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, सगळ्या डोक्यावर होते आणि बहुतेकदा केस परत येतात. बुलढाण्यातील शेगाव तालुक्यात 2024 च्या अखेरीस काही गावांत बायका-मुलांसह अनेकांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले, डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्या अभ्यासाने सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखवले. अशा वेळी पाणी, धान्य, रक्त तपासलेच पाहिजे. मात्र वर्षानुवर्षे कपाळावरून मागे सरकत जाणाऱ्या केसांना हे कारण चिकटवणे चूक आहे.

मग काहीच करायचे नाही का? तसे नाही. डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल आणि पोटात घ्यायचे फिनास्टराइड यांचा अनेकांना उपयोग होतो. परिणाम दिसायला महिने लागतात, औषध थांबले की फायदाही ओसरतो, आणि फिनास्टराइडचे दुष्परिणाम त्वचारोगतज्ज्ञाशी बोलूनच समजून घ्यावे लागतात. इतका प्रामाणिक हिशेब तेल-शाम्पूंच्या जाहिरातीत मांडला जात नाही. तिथे ‘केसगळती थांबवा’ हे शब्द ठळक असतात आणि ही गळती केस तुटल्यामुळे होणारी आहे, हा खुलासा तळाशी बारीक अक्षरांत. केस तुटण्याचा मुळाशी होणाऱ्या बदलाशी काही संबंध नसतो. औषध नियम, 1945 मधील ‘जे’ परिशिष्टात कोणते विकार औषधाने बरे करण्याचा दावा करू नये याची यादी आहे. त्या यादीत टक्कल स्पष्ट लिहिलेले आहे. टक्कल घालवून देण्याची हमी देणारी औषधाची जाहिरात दिसली, तर ती अन्न व औषध प्रशासनाकडे कळवा.